कमरेच्या उंचीवरची पट्टी

टिकाऊकाकूंच्या घरातून कुठलीच वस्तू कधी निवृत्त झाली नाही, तिची फक्त बदली झाली. चहाची गाळणी फाटली की ती झोपायच्या खोलीतल्या दिव्याची टोपी व्हायची. जेवायचा काटा वाकला की तो आणखी थोडा वाकवून भिंतीत ठोकायचा, त्याला टॉवेल लटकायचा. खालच्या मजल्यावरच्या वकिलांनी वकिली सोडली तेव्हा त्यांचे छत्तीस टाय काकूंकडे आले आणि बाहेरच्या खोलीत खिडकीला पडदा होऊन लोंबू लागले. वकीलसाहेब कधी वर आले की पडद्याकडे बघून आधी स्वतःच्या गळ्याशी हात न्यायचे. कपाची कड उडाली तर त्यात पेन्सिली, कान तुटला तर त्यात रोप, आणि अगदीच तुकडे झाले तर ते तुकडे टीपॉयच्या पाटावर नक्षी होऊन बसायचे. 'टाकाऊतून टिकाऊ' हे शब्द काकूंच्या तोंडी इतके बसले होते, की इमारतीतल्या पोरासोरांनी त्यातला दुसरा उचलून त्यांनाच चिकटवला. काकूंना राग आला नाही. पहिला चिकटवला असता तर आला असता.

त्यांच्या दाराची कडी म्हणजे टपालपेटीच झाली होती. येता-जाता लोक तिला पिशव्या अडकवून जायचे. एकटे पडलेले मोजे, चेन बिघडलेल्या पर्सा, झाकणाविना डबे, डब्यांविना झाकणं, आणि बटणं. टाकवत नाही आणि ठेववतही नाही, असं सगळं. काकूंकडे दिलं की टाकल्याचं पाप लागत नाही, अशी सोयीस्कर समजूत होती. यातल्या निम्म्या लोकांना आपलं घर आवरायचं असतं आणि तोंडाने मात्र ते काकूंच्या कलेचं कौतुक करतात, हे काकूंना कळत नव्हतं असं कोणी समजू नये. पण बटणं मिळत होती ना, मग झालं तर.

ही नजर त्यांना दवाखान्याने दिली. एका मोठ्या दवाखान्याच्या शिवणखोलीत काकूंनी एकतीस वर्षं चादरी शिवल्या. नव्या नव्हे, जुन्याच. माणूस मधोमध झोपतो, म्हणून चादर मधोमध विरते. कडा मात्र कोऱ्याच्या कोऱ्या राहतात. अशी चादर आली की ती मधून उभी फाडायची, दोन्हीकडच्या कडा मध्ये आणून जोडायच्या, विरलेलं कापड कडेला ढकलून दुमडायचं, की चादर आणखी दोन वर्षं कामावर रुजू. निवृत्त झाल्यावर काकूंचे हात गप्प बसायला तयार नव्हते, इतकीच त्यांच्या कलेची जन्मकथा.

काकूंचे यजमान, म्हणजे काका, छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलायचं आणि ओळीत उभं करायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. खिळ्यांच्या पेटीत प्रत्येक अक्षराचा खण ठरलेला. नजर कागदावरच्या मजकुरावर, हात पेटीत. हाताकडे बघावं लागलं तो कारागीर कच्चा. पुढे छापखान्यातल्या पेट्या गेल्या, काकाही घरी बसले, पण हाताची सवय गेली नाही. प्रत्येक वस्तू आपापल्या खणात पाहिजे हा काकांचा हट्ट, आणि कुठल्याही वस्तूला एका खणात राहू द्यायचं नाही हा काकूंचा छंद. या दोघांचं इतकी वर्षं कसं जमलं हे विचारण्यात अर्थ नाही. लोकांची लग्नं याहून क्षुल्लक भांडणांवर टिकलेली आहेत.

शिवाय काकांची नजर अशी, की चांगल्या पानावरही तिला आधी चूक दिसायची. काकूंनी काहीही केलं की त्या विचारणार, कसं झालंय? आणि काका चष्मा कपाळावर चढवून सांगणार, डावीकडची रांग अर्धं सूत खाली आलीय. बाटल्यांच्या झाकणांचं घड्याळ केलं तेव्हा ते म्हणाले, सात आणि आठच्या मध्ये जागा जास्त सुटलीय. काकू चिडल्या, दोन दिवस कामापुरतं बोलल्या, आणि तिसऱ्या दिवशी काका फिरायला गेल्यावर सात आणि आठ गुपचूप उचकटून नीट बसवले. काका बरोबर होते, हेच तर दुखणं होतं.

मग दीड वर्षापूर्वी केव्हातरी काका बदलले. काकूंनी जुन्या पट्ट्यांची खुर्ची विणली, काका म्हणाले छान झालीय. काकूंनी फुटक्या तबकड्यांची आरशाला चौकट केली, काका म्हणाले फार छान. 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही म्हण काकूंनी मनातल्या मनात खोडून टाकली. उशिरा का होईना, या माणसाला आपली किंमत कळली, या आनंदात त्यांच्या हातांना नुसतं उधाण आलं. आज कपाटाच्या मुठी बदल, उद्या टीपॉय खिडकीखाली ने, परवा स्वयंपाकघरातले सगळे डबे रंगवून एकसारखे कर. सुटकेसला पाय लावून केलेलं त्यांचं लाडकं स्टूल तर दर आठवड्याला घरभर फिरायचं. काका त्याला धडकायचे आणि नडगी चोळत बसायचे. काकू म्हणायच्या, जरा बघून चालत जा. काका म्हणायचे, हो.

काका पेपर वाचेनासे झाले होते, पण हल्लीची छपाई बघवत नाही असं ते म्हणायचे आणि छापखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या तोंडी ते शोभून दिसायचं. चहा ओतताना ते कपाच्या काठावर बोट ठेवायचे. काकूंना ते मुळीच आवडायचं नाही. बोट कशाला घालता कपात, म्हणून त्यांनी किती वेळा सुनावलं असेल. चार कप फुटले. त्यांचे तुकडे नक्षीला आले, म्हणून काकूंनी तेही फारसं मनावर घेतलं नाही.

इथे मुलाबद्दल सांगायला हवं. मुलगा सात तासांच्या अंतरावर दुसऱ्या शहरात, नवव्या मजल्यावर राहायचा आणि लिफ्ट तपासायचं काम करायचा. मुलगा चांगला, सूनही चांगली. दोघांना मनापासून वाटायचं की म्हाताऱ्यांनी आता आपल्याजवळ यावं. दोन वर्षांपूर्वी काकूंचा पाय मुरगळला तेव्हा तो धावत आला आणि त्या वेळी घरात एक करार झाला. जोवर दोघं आपापल्या पायांनी घरात वावरतायत तोवर तो काही बोलणार नाही. पण ज्या दिवशी एकाला दुसऱ्याचा हात धरून चालायची वेळ येईल, त्या दिवशी सामान बांधायचं. वाद घालायचा नाही. काकूंनी लगेच मान डोलावली, कारण असला दिवस लांब आहे असं सगळ्यांनाच वाटत असतं.

तो दिवस एका मंगळवारी सकाळी, चहाच्या वेळी आला.

काकूंनी खोक्याच्या मोठ्या फळीवर बटणांचं चित्र केलं होतं. एक तळं, त्यात निळी बटणं, काठाला हिरवी आणि तपकिरी. आठ दिवस त्या काकांना सांगत होत्या, निळी बटणं किती मिळाली आणि कुठून मिळाली. त्या दिवशी चित्र पुरं झालं होतं आणि टांगायला तार लावायची म्हणून काकूंनी फळी भिंतीकडे तोंड करून उभी केली होती. बाहेरच्या बाजूला कोरं लाकूड, त्यावर खोक्याचा शिक्का आणि दोन खिळे, बस्स. काकू खाली बसून तार पिळत होत्या. काका दोन कप घेऊन दारात आले. काकूंनी मान वर न करता नेहमीचं विचारलं, कसं झालंय?

काका थांबले. हल्ली थांबायचे तशी मान जराशी कलती करून, रसिक माणूस चित्राकडे बघतो तसे त्यांनी फळीकडे बघितलं.

"छान," ते म्हणाले. "निळा फार खुललाय."

काकूंना हसू आलं. चला, म्हातारा थट्टा करायला लागला, म्हणून त्यांनी मान वर केली. काका थट्टा करत नव्हते. ते अगदी मनापासून कौतुक करत होते, आणि त्यांची नजर फळीच्या हातभर बाजूला, रिकाम्या भिंतीवर होती.

काकूंच्या हातातली तार तशीच राहिली. दीड वर्षातलं एकेक आपोआप जागेवर जाऊन बसायला लागलं. पेपर, बोट, नडग्या, चार कप. आणि 'छान'. सगळ्यात आधी खरं तर तेच आठवलं आणि त्याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटलं, हे कबूल करायला हवं. माणसाचं मन असंच असतं. नवऱ्याचे डोळे गेल्याचं कळतं आणि त्याच क्षणी आपलं कौतुक गेल्याचंही कळतं.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

काकांनी आधी टेबलाची कड चाचपली, मग कप ठेवले. कशाचे दिवस, असं विचारायचा त्यांचा विचार दिसत होता, पण मग तो त्यांनी सोडला. त्यांनी सांगितलं ते असं. फिरायला जातो म्हणून ते दोनदा एकटेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते. डोळ्याच्या आतला पडदा झिजला होता. चष्म्याने होण्यासारखं नव्हतं, ऑपरेशननेही नाही. पूर्ण अंधार होणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते.

"मधलं गेलंय," काका म्हणाले. "कडेकडेनं दिसतं. तुझ्याकडे बघितलं की तू दिसत नाहीस. बाजूला बघितलं की थोडी दिसतेस."

"विरलेल्या चादरीसारखं," काकू म्हणाल्या.

"तसंच."

ही चादर मधून फाडून कडा आत घेता येणार नव्हत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काकूंच्या पुढ्यात असं काही आलं होतं, ज्याचं काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. त्या रडल्या. मग रडून झाल्यावर भांडल्या, कारण भांडणही बाकी होतं. दीड वर्ष छान छान म्हणून मला फसवलंत, असं त्या म्हणाल्या. काका म्हणाले की फसवलं नाही. काकू बाहेर गेल्या की ते प्रत्येक वस्तूवरून हात फिरवून बघायचे, आणि हाताला ती छानच लागायची. चुका दिसायच्या थांबल्या, त्याला ते काय करणार?

मुलाला का नाही सांगितलं, हे काकूंनी विचारलं नाही. करार त्यांनाही पाठ होता. पण काका स्वतःहूनच बोलले. "या घरात मी आंधळा नाही," ते म्हणाले. "हाताला माहीत आहे सगळं. त्याच्याकडे गेलो की पहिल्या दिवशी होईन."

त्या दिवशी काकू घरभर फिरल्या आणि आपण काय करून ठेवलंय ते त्यांनी दीड वर्षांत पहिल्यांदा बघितलं. कपाटाच्या तिन्ही मुठी वेगवेगळ्या होत्या, त्या त्यांनी सुबक आणि एकसारख्या केल्या होत्या. स्वयंपाकघराच्या दाराला खिळा वर आलेला होता, तो त्यांनी ठोकून रंगवला होता. मिठाचा डबा पोचे आलेला आणि साखरेचा गुळगुळीत, ते दोन्ही आता एकाच मापाचे, पिवळ्या फुलांचे. काका बिचारे हाताने घर पाठ करत होते आणि काकू रोज खणांतली अक्षरं बदलत होत्या. दुसऱ्यांच्या टाकाऊ वस्तूंचा उपयोग शोधत बसलेल्या बाईला आपल्या घरातल्या पोच्यांचा आणि वर आलेल्या खिळ्याचा उपयोग दिसला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. काकूंना स्वतःचा इतका राग आला, की त्यांनी ते सुटकेसचं स्टूल उचलून माळ्यावर टाकलं.

आणि गुरुवारी मुलाचा फोन आला. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी येतोय, तीन दिवसांची सुट्टी आहे, तुम्हाला बघून बरेच दिवस झाले.

काकू खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. पण फोन ठेवून त्या सरळ बटणांच्या डब्यांकडे गेल्या. हातात आठ दिवस होते.

पट्टीची कल्पना त्यांची. जुन्या जीन्सचे जाड शिवणीचे काठ त्यांच्याकडे पिशवीभर होते. ते एकाला एक जोडून त्यांनी चार बोटं रुंद लांबच लांब पट्टी शिवली आणि बाहेरच्या खोलीपासून बोळकंडीतून स्वयंपाकघरापर्यंत भिंतीला ठोकली, बरोबर काकांच्या कमरेच्या उंचीवर, जिथे त्यांचा हात सहज टेकायचा. या पट्टीवर प्रत्येक दाराआधी एक खूण. बघणाऱ्याला वाटावं, काकूंनी आणखी एक शोभेचं खूळ काढलं. काकांच्या बोटांना मात्र वाचता यावं.

पहिल्या दिवशी काकू खूश होत्या. झोपायच्या खोलीला एक बटण, न्हाणीघराला दोन, स्वयंपाकघराला तीन, हिशेब सोपा. काका पट्टीवरून हात फिरवत गेले, परत आले आणि म्हणाले, बेकार आहे.

काय बेकार आहे, काकूंनी विचारलं.

काकांचं म्हणणं असं की चालता चालता कोण बटणं मोजत बसणार? एका स्पर्शात कळलं पाहिजे. खिळे जुळवताना अक्षर मोजत नाहीत, ओळखतात. मग काकूंनी सगळं उसवलं. झोपायच्या खोलीला कापडाने मढवलेलं मऊ बटण आलं. न्हाणीघराला चेनचा तुकडा, दातेरी. स्वयंपाकघराला ओव्हरकोटाचं चार भोकांचं मोठं बटण. काका पुन्हा गेले आणि पुन्हा तक्रार घेऊन आले. चेन आडवी लावलीय, ती उभी हवी. मऊ बटण दाराच्या फार जवळ आलंय, पाय थांबेपर्यंत दार निघून जातं. आणि कोपऱ्यावर काकूंनी हौसेनं मण्यांची नक्षी काढली होती, ती आधी काढून टाक म्हणाले.

"दोन शब्दांच्या मध्ये कोरा खिळा घालावा लागतो," काका म्हणाले. "नुसती अक्षरं लावली तर कोणाला वाचता येणार नाही. मोकळी जागा सोड."

काकूंनी मणी काढले. सुई तोंडात धरलेली असल्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं, आणि ते बरंच होतं. दीड वर्षानंतर या माणसाने त्यांच्या कामात चूक काढली होती. एक सोडून तीन काढल्या होत्या. इतकं सुख त्या सगळ्या छान-छानमध्ये मिळून नव्हतं.

मग उरलेले सगळे दिवस दोघांनी तेच केलं. मिठाच्या डब्याला बुचाचं झाकण, साखरेच्या डब्यावर गोटी चिकटवलेली, चहाच्या डब्याला दोरा गुंडाळलेला. कपाटाच्या मुठी पुन्हा वेगवेगळ्या. टीपॉय आपल्या जुन्या जागी गेला आणि काकूंनी त्याच्या पायांभोवती जमिनीवर रंगाने खुणा केल्या, पुन्हा स्वतःला मोह होऊ नये म्हणून. काका डोळे मिटून चालायचे, कडेचं अर्धवट दिसण्याने उलट गोंधळ होतो म्हणाले. काकू मागून बघायच्या. आधी हात चाचपडायचा, मग सरकायला लागला, आणि सातव्या दिवशी काका दोन्ही हातांत कप घेऊन नुसत्या कोपराने पट्टीला घासत बाहेरच्या खोलीपर्यंत आले, एक थेंब न सांडता. काकूंनी टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, चहात साखर कमी आहे.

शुक्रवारी मुलगा आला. उंच, घाईत असल्यासारखा चालणारा, बॅग ठेवायच्या आधी आईला जवळ घेणारा. पट्टी त्याला बोळकंडीत शिरल्या शिरल्या दिसली. हे काय नवीन, असं त्यानं विचारलं. काकू म्हणाल्या, जीन्सचे काठ पडून होते, टाकाऊतून टिकाऊ. तो छान आहे म्हणाला आणि पुढे गेला. घरात शिरणारा प्रत्येक जण काकूंना छान आहे म्हणत आला होता, पण या वेळी त्या शब्दावर त्यांचा विश्वास बसला नाही.

काका मात्र पठ्ठे निघाले. चहा त्यांनी केला, दारातून कप त्यांनी आणले, रेडिओ त्यांनी लावला. मुलाशी बोलताना ते त्याच्या कानाच्या जरा बाजूला बघायचे, म्हणजे तो त्यांना थोडा दिसायचा. मुलाच्या ते लक्षात आलं असावं, किंवा आलं नसावं. काकूंना काही कळेना. चोराच्या मनात चांदणं. मुलगा पाणी प्यायला उठला तरी त्यांना वाटायचं, आता विचारणार. तो काही विचारत नव्हता. शनिवारी सबंध दिवस त्यानं बापाबरोबर जुन्या गप्पा मारण्यात घालवला, आणि मधूनच तो काकांच्या हातांकडे बघत बसायचा.

आपल्याच पोटच्या पोराला फसवणं सोपं नसतं. शनिवारी संध्याकाळपर्यंत काकूंनी मनाशी ठरवून टाकलं की उद्या तो निघायच्या आधी सांगायचं. सांगितलं की सामान बांधायचं, वाद घालायचा नाही. ठरलंय ते ठरलंय. त्या नवव्या मजल्यावर आपली पट्टी कुठे ठोकायची, याचाही त्यांनी विचार करून बघितला. खिळे जुळवणाऱ्याला नव्या पेटीपुढे बसवलं तर त्याचे हात पुन्हा शिकतील का, एकाहत्तराव्या वर्षी? त्यांना नाही वाटलं.

रविवारी सकाळी काकू स्वयंपाकघरात दूध तापवत होत्या. काका अजून अंथरुणातच होते. बोळकंडीत पावलं वाजली, पण ती काकांची नव्हती, आणि मुलाची नेहमीची घाईचीही नव्हती. काकूंनी गॅस बारीक केला आणि दारातून डोकावलं.

मुलगा भिंतीला धरून चालत होता. डोळे मिटलेले. उजवा हात पट्टीवर. मऊ बटणापाशी तो थांबला, दोन बोटांनी ते चाचपलं आणि झोपायच्या खोलीच्या दाराकडे मान वळवली. पुढे निघाला. चेनचा तुकडा लागला तसा तो वळून न्हाणीघरात शिरला, तिथे काहीतरी धपकन वाजलं, आणि तो बाहेर आला तेव्हाही त्याचे डोळे मिटलेलेच होते. मोकळ्या जागेवरून हात सरकला. चार भोकांच्या बटणाशी तो पुन्हा थांबला, तिथेच जरा जास्त वेळ राहिला, आणि मग त्यानं डोळे उघडले. समोर आई उभी होती.

"लिफ्टमध्ये न दिसणाऱ्यांसाठी आम्ही अशाच खुणा लावतो," तो म्हणाला. "शुक्रवारीच कळलं मला."

काकूंना वाटलं होतं की ही वेळ आली की आपण नीट सांगू. तसं काही झालं नाही. फसवलं तुला, एवढंच त्यांच्या तोंडून निघालं, आणि सामान बांधायचं ठरलं होतं, ते आमच्या लक्षात आहे, असंही त्या म्हणाल्या. दूध वर येत होतं. मुलानं पुढे होऊन गॅस बंद केला.

"हात धरून चालायची वेळ आली की, असं ठरलं होतं," तो म्हणाला. "बाबांनी दोन दिवसांत कोणाचा हात धरला?"

काकूंनी आठवून बघितलं. "कोणाचाच नाही."

"मग?"

तो खाली बसला आणि पायाचा अंगठा चोळायला लागला. नखापाशी रक्त आलं होतं. न्हाणीघरात उतरायला एक पायरी आहे, तिच्याआधी तुम्ही काहीच लावलेलं नाही, असं तो म्हणाला. बाबांना सवय आहे, पण सवय एखाद्या दिवशी चुकते. तिथे एक हवं. पायापाशी नको, दाराच्या आतल्या बाजूला, हाताला लागेल असं. डबा दे, मी शोधतो.

काकूंनी बटणांचा डबा त्याच्या पुढ्यात ठेवला. त्यानं तो जमिनीवर उपडा केला आणि लहानपणी करायचा तसा दोन्ही हातांनी ढीग पसरला. पसरता पसरता त्याचे डोळे भरून आले आणि ते पुसायला त्याचे हात मोकळे नव्हते. काकूंनी आपल्या पदराने पुसले. त्यानं एक मोठं, काळं बटण निवडून वर धरलं.

"हे चालेल?"

"चार भोकांचं असेल तर नको," झोपायच्या खोलीतून काकांचा आवाज आला. "ते स्वयंपाकघर आहे."